गुडमन घाबरला का? तुमचे प्रश्न, रिंगच्या कोपऱ्यातून उत्तरं

मागच्या अंकात बॉक्सर नाओया इनोउएवर लिहिलं होतं आणि सॅम गुडमनच्या माघारीचा विषय त्यात दोन ओळींत उरकला होता, तर त्या दोन ओळींवरच सगळ्यात जास्त पत्रं आली. काही चिडलेली, काही हळहळणारी, एक-दोन तर अशी की वाचून माझंच डोकं तापलं. म्हणून या वेळचं सगळं सदर गुडमनला.

मागचा अंक ज्यांच्या हाती लागला नाही त्यांना थोडक्यात सांगते. इनोउए म्हणजे जपानचा 'मॉन्स्टर', सुपर बॅंटमवेट म्हणजे १२२ पाउंड, आपल्या हिशोबाने ५५ किलोच्या थोडं वर, त्या गटातले चारही बेल्ट, म्हणजे चारही संघटनांची विश्वविजेतेपदं, तेव्हा त्याच्याकडे. ऑस्ट्रेलियाचा सॅम गुडमन, १९ पैकी १९ जिंकलेला, हा त्याचा चॅलेंजर. फाईट ठरली २४ डिसेंबर २०२४ ला, टोकियोच्या आरिआके अरीनात. दहाएक दिवस राहिले असताना स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, गुडमनच्या डाव्या डोळ्याच्या वर कट गेला, टाके पडले, फाईट बरोबर एक महिना पुढे म्हणजे २४ जानेवारी २०२५ वर गेली. आणि जानेवारीत, दोन आठवडेही उरले नव्हते, तोच कट स्पारिंगमध्ये पुन्हा उघडला. गुडमनने माघार घेतली, त्याच्या जागी कोरियाचा किम ये-जून उतरला आणि चौथ्या राऊंडमध्ये नॉकआऊट झाला.

आता पत्रं.

ताई, आमच्याकडे मैदानात जोड लागली आणि पोस्टरवर नाव छापलं की पैलवान येतोच. अंगात ताप असला तरी येऊन सलामी देऊन जातो, लोकांना तोंड दाखवतो. दोनदा तारीख देऊन दोनदा न येणं याला आम्ही घाबरणंच म्हणतो. एवढासा कट आणि एवढं नाटक?
– एक वाचक, कोल्हापूर

दादा, तुमचा राग मला कळतो, आणि तो एकट्या डिसेंबरचा नाहीये हेही माहितीय. मे २०२४ मध्ये टोकियो डोममध्ये इनोउएने लुईस नेरीला हरवलं, पहिल्याच राऊंडमध्ये स्वतः खाली पडून, मग उठून सहाव्यात संपवला. त्या रात्री गुडमन रिंगमध्ये आला होता, दोघं समोरासमोर उभे राहिले होते, सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की आता सप्टेंबरमध्ये हीच फाईट. पण गुडमनने मध्येच जुलैमध्ये आपल्या घरच्या मैदानात, वोलोंगाँगला, दुसरी फाईट घेतली, ती स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे तीनपैकी दोनच जजच्या मतावर, कशीबशी जिंकला, आणि सप्टेंबरमध्ये इनोउएसमोर टीजे डोहेनी उभा राहिला, ज्याला गुडमनने आधीच हरवलेलं होतं. तेव्हापासून लोक म्हणायला लागले की पोरगा पळतोय. म्हणजे डिसेंबरचा कट जेव्हा झाला तेव्हा लोकांच्या हिशोबात ती दुसरी वेळ होती आणि जानेवारीची तिसरी. जुलैच्या निर्णयावर टीका करा, मीही करते. रांगेत पहिला नंबर असताना मध्येच जोखीम घ्यायची गरज नव्हती.

पण कटला नाटक म्हणू नका, कारण तिथे धाडसाचा प्रश्नच येत नाही, तिथे कातडीचा प्रश्न आहे. भुवईच्या आसपासची कातडी पातळ, खाली लगेच हाड, त्यामुळे पंच किंवा डोकं लागलं की ती आतून हाडावर दाबली जाऊन फाटते, फळाची साल फाटते तशी. चेहऱ्यावरचे टाके पाच-सात दिवसांत काढतात, वरून जखम मिटलेली दिसते, आरशात बघून माणसाला वाटतं झालं बरं. आतलं गणित वेगळं असतं. तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी असते, तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांच्या आसपास जाते आणि पूर्ण शंभर परत कधीच येत नाही. गुडमनला मिळाले चार आठवडे. त्यात वेट उतरवायचं, दम टिकवायचा आणि इनोउएसाठी डोळ्याला पंचांची सवयही ठेवायची, म्हणजे स्पारिंग करायचंच. माझं मत विचाराल तर चूक झाली ती इथे झाली, एक महिन्याची तारीख मुळात घ्यायलाच नको होती. मार्च म्हणायला हवं होतं. पण मार्च म्हटलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, बघा, पळाला.

आणि समजा तो तसाच उतरला असता. इनोउएच्या तेव्हा २८ फाईट होत्या, २८ जिंकलेल्या, त्यातल्या २५ नॉकआऊटने. पहिल्या राऊंडमधला पहिला नीट बसलेला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, कट उघडा, रक्त सरळ डोळ्यात. रिंगमधला नियम असा की कट पंचाने झाला आणि डॉक्टर किंवा रेफरीने फाईट थांबवली तर ती टेक्निकल नॉकआऊटची हार धरतात. चुकून डोकं आपटून झाला असेल तरच वेगळं, मग चार राऊंड व्हायच्या आत थांबली तर निकालच नाही आणि नंतर थांबली तर पॉइंट मोजतात. म्हणजे आयुष्यभर ज्या एका रात्रीसाठी घाम गाळला ती तीन मिनिटांत संपली असती, आणि पैसे भरून बसलेल्या लोकांनीही शिव्याच घातल्या असत्या.

अजून एक गोष्ट, दादा. २०२३ मध्ये इनोउए स्वतः चॅलेंजर होता. स्टीफन फुल्टनकडे दोन बेल्ट होते, फाईट ७ मे ला ठरली होती, इनोउएच्या हाताला सरावात दुखापत झाली आणि ती २५ जुलैवर गेली. म्हणजे अडीच महिन्यांहून जास्त. त्याला कोणी घाबरट म्हटलं नाही, कारण तो आला आणि आठव्या राऊंडमध्ये फुल्टनला संपवून गेला. हाताला बरं व्हायला मिळाले ते दिवस डोळ्यावरच्या कातडीला मिळाले नाहीत, या दोघांमधला मोठा फरक मला तरी हाच दिसतो.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपला सतीश कुमार चेहऱ्यावर १३ टाके घेऊन लढला. त्याच शहरात गुडमन एका कटवर घरी बसतो. हा फरक रक्ताचा आहे असं नाही वाटत का तुम्हाला?
– एक माजी सैनिक, सातारा

सर, सतीशची ती लढत मी पण बघितली आहे, १ ऑगस्ट २०२१, समोर उझबेकिस्तानचा बखोदिर जलोलोव, तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन. आधीच्या लढतीत जमैकाच्या बॉक्सरविरुद्ध चेहरा फाटला होता, १३ टाके, आणि तरीही हा माणूस उभा राहिला. ५-० ने हरला, टाके उघडले, पण तिसरा राऊंड संपेपर्यंत मागे हटला नाही. मी टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या, घरात दुसरं कोणी नव्हतं.

पण सर, दोघांसमोर काय ठेवलं होतं ते बघा. सतीशसाठी ती क्वार्टर फायनल होती, जिंकला असता तर ब्राँझ पक्कं, आणि न उतरता तर वॉकओव्हर, विषय संपला, दुसरी तारीख नाही, पुढचं ऑलिम्पिक तीन वर्षांनी आणि त्याचं वय तेव्हाच तिशीपार. लढायचं होतं तीन राऊंड, एकूण नऊ मिनिटं. टायटल फाईट बारा राऊंडची, म्हणजे छत्तीस मिनिटं, त्यात ग्लोव्हज आठ औंसांचे, ऑलिम्पिकपेक्षा हलके. गुडमन चोवीस तासांत नाही म्हणाला असं झालं नाही, त्याने दोनदा तयारी केली आणि दोनदा तीच जागा फाटली. सतीशने जे केलं त्याला माझा सलाम आहे आणि राहील. पण एका माणसाने ते केलं म्हणून दुसऱ्याने न करणं ही रक्ताची खोट धरायची, हे मला मान्य नाही. तुम्ही सैन्यात होता, जखमी माणसाला पुढे पाठवायचं की मागे हे तिथे तो जखमी ठरवत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

मी टोकियोत निशी-कसाईला राहतो, आयटीत आहे. डिसेंबरच्या फाईटसाठी धाकटा भाऊ नागपूरहून आला होता, आयुष्यातली पहिली परदेशवारी, खास इनोउएला बघायला. फाईट ढकलली, त्याचं रिटर्न तिकीट २ जानेवारीचं, तो न बघताच गेला. जानेवारीत मी एकटाच जाऊन बसलो तर समोर गुडमन पण नाही. मला त्या रात्री मजा आली नाही आणि किमबद्दल वाईट वाटलं. असं वाटणं चूक आहे का?
– एक वाचक, टोकियो

चूक काय त्यात. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ढकललेल्या फाईटचे असे किती हिशोब असतात जे कोणी कुठे मांडत नाही, कोणाची रजा, कोणाचं विमानाचं तिकीट, कोणाचा भाऊ. प्रमोटर म्हणतो नवीन तारीख जाहीर, आणि त्याच्यासाठी ते खरंच तेवढंच असतं. तुमच्या भावासाठी नाही. त्यामुळे तुम्ही चिडलात तर तो राग खरा आहे, मी फक्त एवढंच म्हणेन की तो राग गुडमनच्या अंगावर टाकू नका, कारण त्या दोन महिन्यांत तुमच्याइतकंच ज्याच्या हातातून गेलं असा आणखी एक माणूस होता, तो तोच.

किमबद्दल. तुम्ही लिहिलंय की लोक त्याच्या एंट्रीला शांत होते. किमला इनोउएसाठी जेमतेम दोन आठवडे मिळाले, जो माणूस दोन-तीन महिन्यांच्या तयारीनेही कोणाला झेपत नाही त्याच्यासाठी. आणि तरी चौथ्या राऊंडमध्ये पोटावर मार खाऊन झाल्यावर त्याने हाताने इशारा केला, ये अजून, मार. लगेच पुढे तो पडला आणि दहा मोजून झाले. मला विचाराल तर त्या रात्री जे बघायला मिळालं त्यात तो इशारा सगळ्यात मोठा होता. बदली खेळाडू म्हणून आलेल्या माणसाला लोक तिकीट वसूल झालं नाही याची शिक्षा देतात, हे कुठेही होतं, आपल्याकडे तर होतंच. भावाला पुढच्या वेळी बोलवाल तेव्हा तारखेच्या मागे-पुढे चार दिवस ठेवून नका बोलवू, तारीख ढकलली तरी उपयोगी पडेल असा व्हिसा काढा.

फाईट दहा दिवसांवर असताना स्पारिंग करायचंच कशाला? आणि हेडगार्ड घालून पण कट कसा जातो?
– एक वाचिका, ठाणे

हा प्रश्न खूप जणांनी विचारलाय. हेडगार्ड कपाळ आणि गाल झाकतो, भुवईच्या खालची आणि पापणीची जागा उघडीच राहते, ती झाकली तर दिसणार काय? शिवाय घामाने तो सरकतो, आणि त्याच्या कडेने किंवा समोरच्याच्या कोपराने पण कातडी फाटते. आता दहा दिवस. साधारण शेवटचं कडक स्पारिंग फाईटच्या दहा-बारा दिवस आधी करतात, मग फक्त हलकं काम आणि वेट. कारण पंच येताना ओळखायची नजर ही वापरली नाही तर मंद होते, बॅगवर मारून ती राहत नाही, बॅग उलटून मारत नाही. त्यामुळे कट जास्त करून याच दिवसांत होतात, जेव्हा शरीर थकलेलं असतं, वेट उतरत असतं आणि कातडी कोरडी पडलेली असते.

हे आजचं नाही. १९७४ मध्ये झैरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, किन्शासाला, मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमनची फाईट २५ सप्टेंबरला होती. आठ-नऊ दिवस आधी स्पारिंग पार्टनरचं कोपर लागून फोरमनच्या उजव्या डोळ्याच्या वर फाटलं. तिथे तर चॅम्पियनच जखमी, चॅलेंजर धडधाकट. फाईट गेली ३० ऑक्टोबरवर, म्हणजे पाच आठवडे, आणि त्या पाच आठवड्यांत दोघंही तिथेच अडकून राहिले. अली त्या दिवसांत लोकांमध्ये मिसळला, सगळं शहर आपलंसं केलं, फोरमन एका कोपऱ्यात. पुढे आठव्या राऊंडमध्ये अलीने फोरमनला नॉकआऊट केलं, ते तुम्हाला माहितीच आहे. कटने त्या फाईटचा निकाल बदलला असं मी म्हणणार नाही, पण त्या पाच आठवड्यांनी वातावरण नक्की बदललं.

आणि अगदी ताजं उदाहरण म्हणजे टायसन फ्युरी. फेब्रुवारी २०२४ ची उसिकबरोबरची फाईट, हेवीवेटचे सगळे बेल्ट एकत्र, ती पण स्पारिंगमधल्या कटने १८ मे वर गेली. तिथे साडेतीन महिने दिले होते. फ्युरीचा कट त्या रात्री प्रश्न राहिलाच नाही, तो हरला ते उसिकच्या हातून. वेळ दिला की असं होतं.

माघार घेतल्यावर बॉक्सरला पैसे मिळतात का?
– एक वाचक, लातूर

लढला तर मिळतात, हा साधा नियम. कॅम्पचा खर्च, स्पारिंग पार्टनर, कोच, राहणं-खाणं, हे सगळं मात्र होऊन गेलेलं असतं. आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम सोडून देऊन कोणी आनंदाने घरी बसत नाही, एवढं तरी मनात धरा.

पुढे गुडमनला इनोउए मिळाला का?
– एक वाचक, बेळगाव

नाही मिळाला. मे २०२५ मध्ये तो परत रिंगमध्ये आला, जिंकला, मग वरच्या म्हणजे फेदरवेट गटात गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये रियाधला ब्रिटनच्या निक बॉलकडून पॉइंटवर हरला, बारा राऊंड उभा राहून. पळणारा माणूस निक बॉलसमोर बारा राऊंड उभा राहत नाही, ज्यांना बॉल कसा अंगावर येतो माहितीय त्यांना पटेल. इनोउए मात्र थांबला नाही, मे २०२५ मध्ये लास वेगासला रॅमन कार्डेनासने त्याला दुसऱ्या राऊंडमध्ये खाली बसवलं होतं. ते बघताना माझ्या मनात गुडमन आला. मॉन्स्टर पण पडतो, आणि त्या रात्री समोर कोण असेल हे एका कटने ठरून गेलं होतं.

ताई, मी पंधरा वर्षांचा आहे. मागच्या सोमवारी स्पारिंगमध्ये पार्टनरचं डोकं लागून उजव्या भुवईवर कट गेला, तीन टाके पडले. जिल्हा निवड अठरा दिवसांवर आहे. क्लबमधले दादा म्हणतात टाके निघाले की हेडगार्ड घालून सुरू कर, गुडमनसारखा रडू नकोस. आई म्हणते सोडूनच दे बॉक्सिंग. मी काय करू?
– अकोला

बाळा, तुझं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

मी एकोणीस वर्षांची होते, राज्य निवड सोळा दिवसांवर होती आणि माझ्या डाव्या भुवईला असाच कट गेला. मला पण कोणीतरी हेच सांगितलं, पट्टी लाव, हेडगार्ड घाल, काही होत नाही. टाके सहाव्या दिवशी निघाले, अकराव्या दिवशी मी स्पारिंगला उतरले. पहिला राऊंड मस्त गेला. दुसऱ्यात एक साधा जॅब आला, जोरात पण नव्हता, आणि मला वाटलं घाम आला डोळ्यात, गरम वाटलं, ग्लोव्हने पुसला. ग्लोव्ह पांढरा होता. समोरची मुलगी थांबली, तिचा चेहरा बघून मला कळलं की तो घाम नाहीये. दुसऱ्या वेळी कडा नीट जुळत नव्हत्या म्हणून डॉक्टरांना त्या कापून सरळ कराव्या लागल्या आणि मग टाके, पहिल्यापेक्षा दुप्पट. निवड गेलीच, वर पुढचे चार महिने रिंग बंद. माझ्या भुवईत आज पण एक फट आहे, तिथे केस येत नाहीत, लग्नात मेकअप करणाऱ्या मुलीने पेन्सिलने भरली होती तरी फोटोत दिसते.

अठरा दिवसांत तुझी भुवई स्पारिंग सोसेल अशी होणार नाही. जिल्हा निवड या वर्षी जाईल. वाईट वाटेल, खूप वाटेल, रड हवं तर, गुडमन पण रडला असेल आणि त्यात काही कमीपणा नाही. आईला सांग की बॉक्सिंग सोडायची गरज नाही, सहा आठवडे डोक्याला काही लागू द्यायचं नाही एवढंच. त्या दिवसांत धाव, दोरी मार, शॅडो कर, पायांचं काम कर, आरशासमोर डावीकडे सरकायची सवय लाव कारण डोकं लागतं ते अनेकदा दोघं एकाच बाजूला सरकल्यामुळे. बॅग पण दोन आठवडे नको, घामाने टाक्यांची जागा ओली राहते. परत स्पारिंग सुरू करायच्या आधी डॉक्टरांकडून लिहून घे आणि तो कागद क्लबमधल्या दादाच्या हातात दे. ते तरीही म्हणाले उतर, तर हे पान दाखव त्यांना.

आणि राग नको धरू त्यांच्यावर, त्यांना पण कधीतरी कोणीतरी असंच सांगितलेलं असणार. टाके निघाले की मला कळव, आणि कट नेमका कुठे आहे, भुवईच्या वर की खाली, ते पण लिही.